चाकावर बोट ठेवण्यापूर्वी

व्हिडिओच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक असतं. ते दाबलं की आकड्यांची उतरंड उघडते: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८०. नवशिका पहिली चूक इथेच करतो. जास्त मार्क म्हणजे हुशार पोरगं, असं जन्मभर ऐकलेलं असल्यामुळे तो सगळ्यांत मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो आणि निर्धास्तपणे जेवायला बसतो. ताटातला भात संपायच्या आत दिवसाचा दीड जीबी संपलेला असतो.

प्रस्तुत मार्गदर्शिका अशा मंडळींसाठी आहे. ती भंडारा जिल्ह्यातल्या वापरासाठी तयार केली आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी आपापल्या जबाबदारीवर वापरावी. माझी पात्रता विचाराल, तर लाखनीपासून साकोलीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात वायफायचा पासवर्ड तोंडपाठ असलेला मी एकटाच. बाकी शिक्षण बी.कॉम.

लागणारे साहित्य

एक स्क्रीन, एक चार्जर, थोडंफार नेटवर्क, आणि ‘कायले मधामधात बोटं करतं बाबू’ हे ऐकून घेण्याची ताकद.

आकड्याची ओळख

३६० म्हणजे चित्रात वरून खाली ३६० ओळी. प्रत्येक ओळीत ६४० ठिपके, म्हणजे एकूण २,३०,४०० ठिपके. १०८० मध्ये ओळी १०८०, दर ओळीत १९२० ठिपके, एकूण २०,७३,६००. आकडा तिप्पट झाला की ठिपके नऊपट होतात. धानाच्या बांधीची लांबी-रुंदी दोन्ही तिप्पट केली तर पऱ्ह्यांची रोपं किती लागतील, हे ज्याला कळतं त्याला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

आकड्यामागे ‘पी’ असतो. हा पी पिक्सेलचा, असं छातीठोकपणे सांगणारे दर गावात दोन-तीन जण सापडतात. तो प्रोग्रेसिव्हचा. म्हणजे एका चित्रातल्या सगळ्या ओळी एका दमात, वरून खाली क्रमाने. जुन्या दूरदर्शनचा कारभार निराळा होता. पद्धत ६२५ ओळींची, त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या ५७६, आणि त्याही दोन हप्त्यांत यायच्या: आधी विषम ओळी, मग सम. रोवण्याला आलेल्या बायांनी एक ओळ सोडून एक रोवत बांध गाठावा आणि सुटलेल्या ओळी भरत परत यावं, तसं. सेकंदाला २५ चित्रं या अर्ध्या-अर्ध्या रोवणीतून उभी राहायची. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी त्याला रंग आला, तेव्हा लोक दुसऱ्याच्या घरी जाऊन, चपला बाहेर काढून ते बघत होते. क्वालिटी कोणी विचारली नाही.

नंतर व्हीसीडी आली. पिक्चरच्या दोन चकत्या, मध्यंतराला उठून बदलायच्या. त्या चकतीवर चित्राच्या ओळी २८८ होत्या, म्हणजे आजच्या हिशेबात २४० आणि ३६० यांच्या मधात कुठेतरी. लग्नाच्या मांडवात, भाड्याच्या टीव्हीवर, दीडशे माणसांनी ते २८८ रात्रभर पाहिलं. आज तोच आकडा एकट्याने बघताना आपल्याला डोळे दुखल्यासारखे वाटतात.

डोळा हेही उपकरण आहे

बाजारातला विक्रेता टीव्हीचा आकडा सांगतो, फोनचा सांगतो. तुमचा सांगत नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत दोन ओळी वेगळ्या दिसतात. तीन मीटरवरून हे अंतर एका मिलिमीटरपेक्षा जरासं कमी भरतं. आता आपल्याकडच्या ३२ इंची टीव्हीची उंची घ्या: ४० सेंटिमीटर. भागाकार करा. उत्तर येतं साडेचारशेच्या आसपास. म्हणजे छपरीतल्या खाटेवर, टीव्हीपासून दहा फुटांवर बसलेल्या माणसाला ४८० च्या वरच्या ओळी दिसतच नाहीत. त्या येतात, डेटा खातात आणि भिंतीवरच्या पालीला दिसून निघून जातात.

हे गणित मी घरी सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही. म्हणून एका रविवारी प्रयोग केला. मंडईच्या जत्रेतल्या खडी गंमतीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, रिमोट पाठीमागे धरला. एकदा ४८० वर, एकदा १०८० वर, तोच प्रसंग. आबाजी खाटेवर, माय दारात सुपात तांदूळ घेऊन, आणि भाचा नेहमीप्रमाणे टीव्हीला नाक लावून.

‘कोनतं चांगलं होतं?’

‘पहिलं बरं होतं,’ आबाजी म्हणाले. पहिलं ४८० होतं. मायने तांदळातला खडा बाहेर टाकला आणि म्हणाली, ‘दोन्ही येकच त होतं.’ भाचा मात्र लगेच ओरडला, ‘मामा, पहिल्यात पडद्यावरचं नाव वाचता येऊन नाई राहिलं!’ त्याचं बरोबर होतं. तो तीन फुटांवर बसला होता. तेवढ्या अंतरावरून तेवढ्याच उंचीतल्या पंधराशेच्या आसपास ओळी डोळा पकडू शकतो.

यातून नियम निघतो तो असा: आकडा टीव्हीचा नसतो, खाटेचा असतो. खाट मागे सरकवली की आकडा खाली आणता येतो. पोराला मागे सरकवलं तर डोळ्यांचाही फायदा होतो, पण त्याविषयी ही मार्गदर्शिका काही हमी देत नाही.

फोनचंही असंच. साडेसहा इंची फोन आडवा धरून एका फुटावरून बघितला तर पावणेआठशे ओळींपर्यंत डोळ्याला काम असतं, ७२० पुरे. पण आडवा धरतो कोण? एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहा, फोन उभा. उभ्या फोनवर आडवं चित्र पावणेचार सेंटिमीटर उंचीचं होतं. तिथे ४८० म्हणजे चैन आहे. आणि घरात अजून बटणांचा जिओफोन वापरात असेल, तर त्याची स्क्रीन २.४ इंचाची, २४० गुणिले ३२० ठिपक्यांची. तिच्यावर १०८० लावणं म्हणजे पायलीत खंडीभर धान ओतणं. सांडलेलं धान निदान कोंबड्या तरी खातात.

डेटाचा जमाखर्च

यूट्यूबच्याच मदतपानावर कोणत्या आकड्याला किती वेग लागतो ते दिलेलं आहे: ३६० ला सेकंदाला ०.७ मेगाबिट, ४८० ला १.१, ७२० ला २.५, १०८० ला ५, आणि ४के ला २०. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक. त्यामुळे एक मेगाबिटचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी जातात. याच वेगाने डेटा खर्ची पडला असं धरलं, तर दीड जीबी १०८० वर चाळीस मिनिटं चालतो, ४८० वर तीन तास, ३६० वर पावणेपाच तास. कीर्तन पूर्वरंगात सोडायचं की उत्तररंग संपवून उठायचं, हे या आकड्यांवर ठरतं.

कोटा संपला की काही प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने ३६० चा एक मिनिटाचा तुकडा यायला अकरा मिनिटं लागतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ संध्याकाळी लावला तर रात्री जेवून भांडी आटोपेपर्यंत संपतो. घाई नसलेल्यांनी करून पाहावं.

भजन, कीर्तन, कृषी सल्ला, परीक्षेचा तास यांत पाहण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं जास्त असतं. तिथे बिनदिक्कत १४४ वर जावं. यूट्यूबवर चित्र आणि आवाज यांचे प्रवाह बहुधा वेगवेगळे येतात. चित्र तळाला नेलं तरी आवाज फारसा बिघडत नाही. बुवांचा चेहरा धुरकट होईल. बुवा कोण आहेत ते माहीतच असतं.

भंडारा: एक महागडा जिल्हा

आता मुख्य विषय. वरचे सगळे आकडे पुण्यातल्या माणसालाही लागू आहेत. पुढचा भाग आपल्यापुरता.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं. ती सगळी पूर्णच्या पूर्ण पाठवायची म्हटलं तर कोणतंही नेटवर्क मोडून पडेल. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवतात आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं, काय सरकलं तेवढं कळवतात. मागची भिंत तशीच आहे? मग भिंतीबद्दल काही सांगायचं नाही. त्यामुळे स्थिर चित्र स्वस्त पडतं आणि हलतं चित्र महाग. या न्यायाने जगातला सर्वांत स्वस्त व्हिडिओ ग्रामसभेचा: तासभर कोणी हलत नाही.

आणि सर्वांत महाग? वाऱ्यावर हलणारी धानाची बांधी.

गेल्या भादव्यात मी बांधावर उभा राहून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. धान पोटरीत होतं, वैनगंगेकडून वारा येत होता, आणि एकेक पातं आपापल्या मनाने हलत होतं. काही पुढे, काही मागे, काही नुसतं थरथरत. फोनवर तो व्हिडिओ इतका सुरेख आला होता की मी तो पुण्याला धाकट्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘दादा, सांबाराची चटणी आहे का?’

कोथिंबिरीची चटणीच झाली होती. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. दाबणारं यंत्र आधी विचारतं की या चित्रात न बदललेलं काय आहे, आणि बांधी सांगते, काहीच नाही. हजार पाती, हजार दिशा. ठरवून दिलेल्या बिटांमध्ये इतक्या पात्यांची नोंद ठेवणं जमत नाही, मग यंत्र शेजारशेजारची पाती एकाच हिरव्या चौकोनात कोंबतं. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा व्हिडिओ त्याच आकड्यावर काचेसारखा गेला असता.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. धानाच्या बांध्या. मालगुजारी तलावांवरच्या लाटा. गोसेखुर्द धरणाच्या दारांतून उसळणारं पाणी. कोका अभयारण्यातला बांबू, सफारीच्या जिप्सीतून, हलत्या हाताने. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, धूळ. दाबणाऱ्या यंत्राला नको असलेली प्रत्येक गोष्ट निसर्गाने आणि लोकांनी मिळून इथे जमवली आहे. म्हणून भंडाऱ्याचा नियम: गप्पांना ३६०, बातम्यांना ४८०, पण धान, पाणी आणि पट यांना ७२० च्या खाली जाऊ नये. मे महिन्यात सूट आहे. तेव्हा बांधीत हलण्यासारखं काही उरत नाही.

शंकरपटाबद्दल आणखी एक. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या साडेसात वर्षांत बैल धावले नाहीत, पण फोन धावले. बंदीआधीच्या कित्येक चित्रफिती १७६ गुणिले १४४ ठिपक्यांच्या, टपाल तिकिटाएवढ्या. जोडी ओळखायची ती ओरडण्यावरून. बंदीनंतरच्या थेट ४के मध्ये. जुनी चित्रफीत कोणाकडे असेल तर तिचा आकडा वाढवायच्या फंदात पडू नये. १४४ ओळींत जे उतरलंच नाही ते १०८० वर लावल्याने उगवत नाही. नवीन काढायची असेल तर ४के पेक्षा सेकंदाला ६० चित्रांचं सेटिंग निवडावं. पळत्या बैलाला ओळींपेक्षा चित्रं जास्त लागतात.

‘ऑटो’ विषयी

यादीत ‘ऑटो’ही असतो. हा वरठीच्या भंडारा रोड स्टेशनबाहेरच्या ऑटोसारखाच चालतो. सीट भरल्याशिवाय हलत नाही: आधी काही सेकंदांचा व्हिडिओ जमा करतो, मग निघतो. व्हिडिओ काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो, प्रत्येक तुकडा सगळ्या आकड्यांत तयार असतो, आणि रस्ता मोकळा दिसेल तसा ऑटो पुढचा तुकडा लहान किंवा मोठा उचलतो. म्हणून नायिकेचा चेहरा मध्येच पुसट होतो आणि आई गेल्याचं पत्र वाचेपर्यंत पुन्हा स्वच्छ होतो. नेटवर्क येत-जात असेल तिथे ऑटोच बरा. मात्र भाडं आधी ठरत नाही. कोटा मोजका असेल तर स्वतः आकडा सांगून बसावं.

एकदा तर देशभराचाच आकडा खाली आला होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नेटवर्कवर ताण पडू नये म्हणून व्हिडिओ कंपन्यांनी एकमताने ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर ४८० च्या वर काही द्यायचं नाही. रामायण, महाभारत, बातम्या, भाच्याची कार्टून, सगळं त्या दिवसांत आमच्याकडे चालू होतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी हे नंतर पेपरात वाचलं.

काढणे आणि पाठवणे

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. दिवाळीनंतर मंडयांचा हंगाम लागला की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि प्रत्येक मांडवात पन्नास हात फोन घेऊन वर जातात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यापासून हे हात वाढले असावेत, असा माझा अंदाज आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं की १०८० ला, ३० चित्रांनी, मिनिटाला ६० एमबी लागतात आणि ४के ला १७०. सात तासांच्या नाटकाची ४२० मिनिटं धरा: १०८० वर २५ जीबी, ४के वर ७१. १२८ जीबीचा फोन घेऊन ४के मध्ये बसलेला माणूस दुसऱ्या अंकात लग्नाचे फोटो पुसताना मी पाहिला आहे. शेजारी बायको बसली होती, म्हणून लपून पुसत होता.

शिवाय रात्र. अंधारात फोनच्या बारीकशा सेन्सरला प्रकाश कमी पडला की चित्रात रवाळ दाणे येतात, आणि ते दाणे प्रत्येक चित्रात वेगळे. म्हणजे पुन्हा बांधीचाच प्रकार. मंचावरचा लाल दिवा, निळा दिवा, धूर, हे तर वेगळंच. अंधारात १०८० पुरे. फोन हातात धरण्याऐवजी समोरच्या बांबूला बांधला तर त्याहून जास्त फरक पडतो, कारण स्थिर पडदा स्वस्तात जातो. मागच्या माणसांच्या शिव्याही कमी होतात.

पाठवताना: व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून ‘एचडी’ची खूण आहे, ती दाबली तर चित्र ७२० पर्यंत टिकतं. मूळ जसंच्या तसं पाठवायचं असेल तर क्लिपच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि तिला कोणी दाबत नाही. बांधीचा व्हिडिओ मी भावाला दुसऱ्यांदा असाच पाठवला. तेव्हा त्याचा फोन आला. व्हिडिओबद्दल बोलला नाही. धान कोणतं लावलं, पाणी किती आहे, एवढंच विचारत राहिला.

पेनड्राइव्हचा अध्याय

बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आला. व्हिडिओवाल्याने अभिमानाने सांगितलं होतं: ‘४के आहे, दादा.’ सगळं घर जमलं, शेजारची मोठी माय आली, जावई तर पुढच्या खुर्चीवर. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सनईचा आवाज आला. चित्र आलं नाही. काळ्या पडद्यावर मंगलाष्टकं ऐकत आम्ही बसलो. मोठी माय म्हणाली, ‘दृष्ट लागू नाई म्हून काळं केलं का?’

कारण साधं होतं. नवे व्हिडिओ बहुधा एच.२६५ पद्धतीने दाबलेले असतात, आणि आमच्या टीव्हीसारखे जुने टीव्ही एच.२६४ पर्यंतच शिकलेले. आवाजाची भाषा कळते, चित्राची कळत नाही. वर आणखी एक खोडा: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यात मावतच नाही, म्हणून लग्नाचे तुकडे होतात. आमच्याकडे सप्तपदी चार पावलांवर तुटली होती. म्हणून व्हिडिओवाल्याला आगाऊ रक्कम देतानाच सांगून ठेवावं: एक प्रत १०८०, एच.२६४, एमपी४. चौथा शब्द बोलू नये. चौथ्या शब्दाला तो ड्रोनचे पैसे सांगतो.

आमची प्रत शेवटी भाच्याच्या लॅपटॉपवर ७२० मध्ये करून घेतली. टीव्ही आता कायमचा ४८० वर असतो, खाट दहा फुटांवर आहे. आबाजींची तक्रार चालूच आहे, ती आवाजाची.